हजीरा ते त्सुशिमा

तापीच्या मुखाशी वसलेले हजीरा आणि जपानची त्सुशिमा सामुद्रधुनी यांचा संबंध सकृद्दर्शनी जाणवत नाही. परंतु आरमाराच्या इतिहासात दोहोंचा धडा एकच आहे. १६१२ च्या अखेरीस हजीऱ्यालगतच्या सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या दोन इंग्रजी जहाजांनी चार पोर्तुगीज जहाजांना हटविले. सुरत बंदर मोगलांचे, पण समुद्रावर हुकमत परक्यांची!

येथे कारागिरीची वाण नव्हती. १७३६ साली सुरतेहून मुंबईस गेलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने १८१३ मध्ये बांधलेल्या सागवानी ‘कॉर्नवॉलिस’वरच १८४२ चा नानकिंगचा तह झाला. कसब आपले, निशाण मात्र ब्रिटिशांचे. पुढे वाफ आणि पोलाद आले व ते कसबही मागे पडले.

जपानचा प्रारंभही परावलंबनानेच झाला. २७ मे १९०५ रोजी त्सुशिमा येथे रशियन आरमाराचा धुव्वा उडविणाऱ्या टोगोच्या ‘मिकासा’सह चारही प्रमुख युद्धनौका ब्रिटनमध्ये बांधलेल्या होत्या. तथापि जपान विजयोत्सवात रमला नाही. १९०६ मध्ये योकोसुका येथे ‘सात्सुमा’चे जलावतरण झाले, तिचे पुष्कळ साहित्य अद्याप आयात केलेले होते. १९१३ मध्ये ‘कोंगो’ ब्रिटनमधून आली, ती अखेरची. त्याच आराखड्याच्या ‘हिएई’, ‘हारुना’ व ‘किरिशिमा’ जपानी गोद्यांतच घडल्या.

विकत घेतलेली नौका युद्ध जिंकून देते. स्वतः बांधलेली स्वातंत्र्य राखते. २००९ साली जलावतरण झालेल्या ‘अरिहंत’ पाणबुडीचे पोलादी कवच हजीऱ्यातच घडले. सुवाळीच्या किनाऱ्याने चार शतकांनी दिलेले हे उत्तर होय.