कसब्यातून काशीला: कमी पैशांतल्या प्रवासाचा इतिहास

मुठेच्या उजव्या काठावरची कसबा पेठ म्हणजे मूळ पुणे. ७५८ आणि ७६८ या सालांच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख येतो, तो या जुन्या वस्तीचा आणि तिच्या परिसराचा. बाकीच्या पेठा पुष्कळ नंतर वसल्या. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा अशी इथल्या आळ्यांची नावेच राहणाऱ्यांचा धंदा सांगतात. पेशवाईत या वस्तीतला माणूस लांबच्या प्रवासाला निघे तो बहुधा यात्रेलाच. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर, नाशिक-त्र्यंबक ही जवळची ठिकाणे. रामेश्वर, द्वारका आणि काशी-प्रयाग-गया ही आयुष्यात एकदा तरी घडावी अशी. काशी पुण्याहून हजार किलोमीटरच्याही पलीकडे. हातावर पोट असलेला माणूस तिथपर्यंत पोचे, कारण वाटेत पैसा कमीत कमी लागावा अशी व्यवस्था कित्येक पिढ्यांनी उभी केली होती. पायी जायला खर्च नव्हताच. प्रश्न रात्रीच्या छपराचा आणि दोन वेळच्या शिध्याचा होता.

सामान खांद्यावर मावेल तेवढेच असे. एक घोंगडी, पडशीत दशम्या आणि पीठ-मीठ, आणि पाण्यासाठी फिरकीचा तांब्या. घट्ट बसणाऱ्या झाकणामुळे चालताना त्यातले पाणी सांडत नसे. एकट्याने मात्र कोणी निघत नसे. चोर, ठग आणि आजार यांच्या भीतीने यात्रेकरू संघ करून चालत आणि जमल्यास एखाद्या सरदाराच्या लवाजम्याच्या किंवा फौजेच्या आसऱ्याने जात. संरक्षण फुकट मिळे, पण त्याची किंमत कधी फार भयंकर ठरे. सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर उत्तरेकडे गेलेल्यांत असे असंख्य यात्रेकरू होते. कोवळ्या वयातले नाना फडणवीस आई आणि पत्नीसह त्यात होते. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या पराभवानंतर नाना आणि त्यांची पत्नी परत आली. आई त्या धुमश्चक्रीत हरवली ती कायमचीच.

मुक्कामाला धर्मशाळा, देवळाची ओवरी किंवा पार, आणि जेवणाला अन्नछत्र किंवा कोरडा शिधा. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थांवर बांधलेल्या धर्मशाळा, घाट, विहिरी आणि चालवलेली अन्नछत्रे ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी देणगी. सामान्य माणसाच्या प्रवासासाठी एवढे काम त्या काळात दुसऱ्या कोणी केलेले दिसत नाही. काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी वस्ती झाल्याने तिथे आपली भाषा आणि आपले जेवण मिळे. तीर्थोपाध्याय वहीत यजमानाच्या आजा-पणजाची नावे काढून दाखवत आणि उतरायची सोय करत. दक्षिणा ऐपतीप्रमाणे द्यायची. खिशातून हमखास जाई तो यात्राकर. प्रयाग, गया आणि जगन्नाथपुरी इथला हा कर कंपनी सरकारने १८४० साली रद्द केला.

ही सोय सर्वांना सारखी नव्हती. बरीच अन्नछत्रे ब्राह्मणांपुरतीच असत. पेशव्यांच्या श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदूरचे शास्त्री-पंडित पुण्याला येत, म्हणजे त्यांचा प्रवास दक्षिणेवरच निघे. कसब्यातल्या तांबटाला किंवा कुंभाराला तसा आधार नव्हता. त्यांच्यासाठी खरी खुली वाट वारीची. दिंडीत भिशी भरायची, स्वयंपाक एकत्र, मुक्काम मिळेल तिथे. पण त्या वाटेच्या शेवटीही विठ्ठलाच्या देवळाचे दार दलितांना बंद होते. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते उघडले.

बिनपैशाच्या प्रवासाचे सर्वांत जिवंत वर्णन विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, आणि मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरघोस दक्षिणा मिळणार अशी वार्ता. म्हणून १८५७ मध्ये ते काकांबरोबर निघाले. प्रवासाने पैसा खर्च व्हायचा नाही, उलट मिळायचा, असा तो हिशेब होता. वाटेत बंड पेटले. पुढच्या वर्षी झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल त्यांनी शहरात राहून पाहिली. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. तरी ते काशीला गेले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी परतले. जवळ काही नसताना एवढा मोठा पल्ला पार पडला, कारण गावोगावी कोणी ना कोणी ओळखीचा, पोटजातीचा किंवा निव्वळ धर्म म्हणून आसरा देणारा भेटत गेला. पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले.

प्रवासात वाचलेला पैसा पुष्कळदा घरी आल्यावर जाई. काशीयात्रा झाली की मावंदे घालायचे: गंगापूजन, गावजेवण, आलेल्या प्रत्येकाला थोडे गंगोदक. ज्यांना जाता आले नाही त्यांनाही यात्रेचा वाटा अशा रीतीने मिळे.

रेल्वेने अंतर तोडले. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली आणि १८५८ मध्ये पुणे-खंडाळा लोहमार्ग खुला झाला. मधला बोरघाट काही वर्षे पालखीने, तट्टावर किंवा पायी ओलांडावा लागे. १८६३ मध्ये तोही रुळांनी जोडला गेला. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला आणि तिसऱ्या वर्गाच्या गर्दीत सगळ्या जातींची माणसे एका बाकावर आली. सोयी मात्र वरच्या वर्गांसाठी. १ जून १९३० ला सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला तिसऱ्या वर्गाचा डबा १९५५ साली मिळाला.

तिकीट स्वस्त झाले तरी जुने छप्पर आणि जुना शिधा सुटला नाही. गोव्यातले धर्मानंद कोसंबी बुद्धाचा धर्म शिकायच्या ध्यासाने १८९९ साली घर सोडून पुण्याला आले. तिथून ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १९०२ मध्ये नेपाळ, त्याच वर्षी सिंहलद्वीप, पुढे ब्रह्मदेश. जवळ पैसा जवळपास नव्हताच; कोणी तिकीट काढून दिले, कुठे विहारात जागा मिळाली. १९१० मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात कामासाठी गेले, ते पाली भाषेचे जाणकार म्हणून. फिरण्याची हौस आणि शिकण्याची भूक एकाच माणसात इतकी एकवटलेली क्वचितच दिसते.

रेल्वे जिथे पोचली नव्हती तिथे एसटी पोचली. पहिली गाडी १ जून १९४८ ला अहमदनगर-पुणे मार्गावर धावली. गडाच्या पायथ्याचे गाव, जत्रेचे ठिकाण, कोकणातले आजोळ, सगळे तिच्या टप्प्यात आले. १९८८ मध्ये महामंडळाने ‘आवडेल तेथे प्रवास’ हा पास काढला. एकदा पैसे भरून चार किंवा सात दिवस राज्यात कुठेही फिरायचे. अष्टविनायक, साडेतीन शक्तिपीठे, किल्ले एका फेरीत जोडता येतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे. शेतमजूर बाईला स्वतःच्या मिळकतीतून पंढरपूर किंवा कोल्हापूर गाठता येणे ही या सगळ्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे, कारण दानाच्या व्यवस्थेत तिची गणती फारशी कधी झालीच नव्हती.

जुनी रीत वारीच्या निमित्ताने पुण्यात अजून चालू आहे. ज्येष्ठ महिन्यात आळंदीहून ज्ञानेश्वरांची आणि देहूहून तुकारामांची पालखी शहरात येते. मुक्काम भवानी आणि नाना पेठांत असला, तरी सोबतच्या दिंड्या साऱ्या जुन्या पेठांतल्या शाळा, देवळे आणि वाड्यांत उतरतात. त्यांना जेवू घालणारी मंडळे आणि घरे आजही वारकऱ्याकडून पैसा घेत नाहीत.