शंकरपट

बैलजोडीच्या शर्यतीचा विदर्भ-मराठवाड्यातील प्रकार. मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यात तो लोकप्रिय आहे. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सरळ धावपट्टीवर सोडतात. निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो. कस जनावराइतकाच छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्याचाही लागतो. शौकीन जिंकणाऱ्या बैलांना नावानिशी ओळखतात, त्यांच्या वेळा तोंडपाठ ठेवतात. नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांत जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा दुरुस्त केला. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाची सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असते. बैलाला इजा करून मिळवलेला वेग हा या खेळाचा अपमानच होय.