टेप्लिट्सचा लाल गुलाब

पाकिस्तानातल्या पंजाबात 'सुर्खा' नावाचा गडद लाल, सुवासिक गुलाब हारांसाठी आणि पाकळ्यांसाठी शेतात लावतात. आपल्या उत्तर भारतातही तो जुना रहिवासी आहे. बघणाऱ्याला वाटावं, हा मोगलांच्या वेळेपासून इथलाच. पण त्याचं कागदोपत्री नाव जर्मन आहे: 'ग्रूस आन टेप्लिट्स', म्हणजे टेप्लिट्सला नमस्कार. टेप्लिट्स हे बोहेमियातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आज चेक प्रजासत्ताकात.

नमस्कार करणारा होता रुडॉल्फ गेश्विंड (१८२९-१९१०). पेशा जंगलखात्यातला. आजच्या स्लोव्हाकियातल्या क्रुपिना गावी नोकरी सांभाळून तो गुलाबांचे संकर करी. तिथल्या कडक हिवाळ्यात तगणारे गुलाब त्याला हवे होते. हा गुलाब १८९७ मध्ये ट्रिअरच्या पेटर लाम्बर्टने विक्रीला आणला.

आता गंमत पाहा. युरोपातले जुने लाल गुलाब जांभळ्याकडे झुकणारे, आणि बहुतेक वर्षातून एकदाच फुलणारे. स्वच्छ लाल रंग आणि पुन्हापुन्हा येणारा बहर अठराव्या शतकाच्या अखेरीस गेला चीनहून. तिकडून निघालेली झाडं कलकत्त्यात थांबत पुढे जात, म्हणून फ्रेंचांनी चिनी गुलाबांचं नावच 'बंगालचा गुलाब' ठेवलं. ते चिनी रक्त गेश्विंडच्या झाडात उतरलं आहे. म्हणजे आपल्या दारावरून गेलेला पाहुणा शंभर वर्षांनी गोरा साहेब होऊन परत आला!

माझ्याकडे याचं एक झाड आहे. दसऱ्यानंतर बेताची छाटणी, शेणखत आणि भरपूर ऊन, एवढ्यावर ते खूश. फुलं घोसात येतात, पण दांडा बारीक, म्हणून मान खाली. फुलदाणीचा धंदा करणाऱ्याला हा चालायचा नाही. मला मात्र ती मान आवडते. झुडूप पुरुषभर वाढलं की फूल नेमकं नाकासमोर येतं. शिवाय फांदी खोचली तरी मूळ धरतं, डोळा भरण्याची कटकट नाही.

या शेवटच्या गुणाचं मोल मोठं. गेश्विंड गेल्यावर त्याची झाडं काउंटेस मारिया हेन्रिएटा खोतेक यांनी विकत घेऊन आपल्या डोल्ना क्रुपाच्या बागेत लावली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती बाग उद्ध्वस्त झाली, आणि त्याचे कितीतरी वाण कायमचे गेले. टेप्लिट्सचा गुलाब तोवर फांद्याफांद्यांनी इतक्या अंगणांत पोचला होता, की एका बागेच्या नाशाने त्याचं काही बिघडलं नाही.