ट्यूबाचा चौथा व्हॉल्व्ह: सूर चढतो का आणि जागेवर आणायचा कसा?

बँडमध्ये ट्यूबा वाजवायला लागून दीड वर्ष झालं होतं. खालचे स्वर आले की शेजारचा युफोनियमवाला हमखास माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं आपले ओठच कच्चे. सोडून द्यावं इथपर्यंत वेळ आली होती. मग एका रात्री मोबाईलवर ट्यूनर ॲप उघडलं, एकेक स्वर तपासला आणि कळलं की ओठांचा दोष थोडा, बाकी सगळा गणिताचा! तुमच्याकडे ट्यूबा असेल किंवा जुना घ्यायचा विचार असेल, तर हे गणित आधी समजून घ्या.

गडबड कुठे होते?

व्हॉल्व्ह दाबला की हवेच्या वाटेत जादा नळी जोडली जाते आणि स्वर उतरतो. दुसरा व्हॉल्व्ह पेटीवरची एक पट्टी खाली नेतो, पहिला दोन आणि तिसरा तीन. एक पट्टी उतरायला नळी साधारण 6 टक्के लांब व्हावी लागते. पण ही 6 टक्के 'आत्ता असलेल्या' लांबीवर हवीत. म्हणजे मागणी चक्रवाढ व्याजाची आणि व्हॉल्व्ह देतो सरळव्याज. दोन-तीन व्हॉल्व्ह एकत्र दाबले की नळी कमी पडते, स्वर चढा लागतो.

आकडेच बघा. पहिला आणि तिसरा मिळून पाच पट्ट्या उतरायला 33.5 टक्के लांबी हवी, मिळते 31.2. स्वर 30 सेंट चढा. (100 सेंट म्हणजे एक पट्टी.) तिन्ही दाबले तर 53 सेंट, म्हणजे अर्ध्या पट्टीपेक्षा जास्त. हा स्वर ओठांनी ओढून आणणं म्हणजे कसरतच.

चौथा व्हॉल्व्ह इथेच कामी येतो. तो एकटाच पाच पट्ट्या उतरवतो, आपल्या भाषेत सा वरून मंद्र पंचमावर. नळी हिशेबाने कापलेली असल्याने 1-3 ऐवजी नुसता 4 दाबला की स्वर जागेवर. तिन्ही दाबण्याऐवजी 2-4 दाबला तर चूक 53 वरून 24 सेंटवर येते. तीन व्हॉल्व्हचा ट्यूबा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवा.

त्याच्याही खाली गेलात की गडबड परत सुरू. सात पट्ट्यांसाठी 1-4 दाबला तर 48 सेंट चढा लागतो. म्हणून वाजवणारे 1-2-4 घेतात, तो 21 सेंट उतरा असतो, पण सांभाळता येतो. आठ पट्ट्यांना 2-3-4 जवळजवळ अचूक बसतो, हा मला सगळ्यात आवडलेला योगायोग! पुढे मात्र घसरण आहे आणि अकराव्या पट्टीचा स्वर तर साध्या चार व्हॉल्व्हवर नीट मिळतच नाही.

मग उपाय काय?

फुकटातला उपाय म्हणजे चौथ्याची स्लाइड. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी सुमारे 18 फूट असते. 2-4 अचूक हवा असेल तर चौथ्याची नळी साधारण 11 सेंटीमीटर वाढवावी लागते. स्लाइड दुहेरी असल्याने ती साडेपाच सेंटीमीटरच बाहेर काढायची. पण मग नुसता 4 तब्बल 25 सेंट उतरतो. मी मधोमध ठेवतो आणि उरलेलं ओठांनी भागवतो. पहिला व्हॉल्व्ह दाबलेला असेल त्या स्वरांना मात्र त्याची स्लाइड कामी येते. ती डाव्या हाताने वाजवता वाजवता आत-बाहेर करता येत असेल तर तुमचा ट्यूबा चांगला म्हणायचा. ती अडकत असेल तर आधी ग्रीस लावा.

दुसरा उपाय कंपेन्सेटिंग रचना. लंडनच्या बूसी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकलीने 1874 मध्ये हिचं पेटंट घेतलं. चौथा दाबला की हवा परत फिरून पहिल्या तीन व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा जाते आणि तिथल्या छोट्या जादा नळ्या कमी पडलेली लांबी भरून काढतात. बोटांना काहीच वेगळं करावं लागत नाही. ब्रिटिश धाटणीच्या बँडमध्ये हाच चालतो. वजन वाढतं आणि खाली फुंक जरा जड लागते, एवढंच.

जर्मन आणि अमेरिकन वाटेने गेलात तर पाचवा व्हॉल्व्ह. तो बहुधा दोन पट्ट्यांपेक्षा किंचित जास्त उतरवतो, त्यामुळे 4-5 सात पट्ट्यांना छान बसतो. तसं पाहिलं तर 1835 मध्ये बर्लिनला पेटंट झालेल्या पहिल्याच ट्यूबाला पाच व्हॉल्व्ह होते!

जुना ट्यूबा ऑनलाइन बघताना विकणाऱ्याकडून व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. छोटी जादा वेटोळी दिसली तर तो कंपेन्सेटिंग असण्याची शक्यता मोठी.

ट्यूनर ॲपबद्दल एक सांगतो. नुसत्या 4 चा खालचा एफ 44 हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाईलचा माइक इतकं खालचं नीट ऐकत नाही. ॲप कधी वरच्या सप्तकाचा स्वर दाखवतं, तर काटा कधी उड्या मारतो. फोन बेलच्या तोंडाजवळ धरा, आधी दहा मिनिटं वाजवून पितळ गरम होऊ द्या आणि तोच स्वर एक सप्तक वर वाजवण्याऐवजी आहे तिथेच लांब धरून मोजा.