सौदी अरेबियाची श्रमशक्ती : कशी वाढली, कशी बदलली?

श्रमशक्ती म्हणजे १५ वर्षांवरील काम करणारे आणि काम शोधणारे असे सगळे लोक. नोकरी न शोधणारे विद्यार्थी आणि फक्त घर सांभाळणाऱ्या महिला यात मोजल्या जात नाहीत.

तेलाचा काळ
दम्माम येथे १९३८ मध्ये तेल सापडले, पण खरी भरती सुरू झाली १९७३ नंतर. तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. रस्ते, बंदरे, हॉस्पिटले उभी राहू लागली आणि स्थानिक माणसे कमी पडली. येमेन, इजिप्त, पाकिस्तान आणि भारतातून कामगार आले. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांची चूल तेव्हापासून आखाती पगारावर चालते. २०२२ च्या जनगणनेत सौदीची लोकसंख्या ३.२२ कोटी होती, त्यात १.३४ कोटी, म्हणजे सुमारे ४२ टक्के परदेशी.

आपल्या लोकांना आधी काम
सौदी नागरिकांपैकी सुमारे ६३ टक्के तिशीच्या आतले आहेत. त्यांना काम मिळावे म्हणून २०११ मध्ये 'निताकात' आले. कंपनीत सौदी कर्मचारी किती, यावरून तिला रंग मिळतो. लाल रंगात गेलेल्या कंपनीला नवे व्हिसा मिळत नाहीत. जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लागली. २०२० मध्ये ती ४०० झाली. बायको आणि दोन मुले असतील तर महिन्याला १२०० रियाल! त्यामुळे अनेकांनी बायको-मुलांना गावी पाठवले.

महिलांचा वाटा
२०१७ च्या सुमारास सौदी महिलांपैकी साधारण १७ टक्के श्रमशक्तीत होत्या, आता सुमारे ३५ टक्के आहेत. 'व्हिजन २०३०' चे ३० टक्क्यांचे लक्ष्य मुदतीआधीच पूर्ण झाले. जून २०१८ मध्ये गाडी चालवण्याची परवानगी मिळाल्याने कामावर जाणेही सोपे झाले.

जाणाऱ्यांनी काय पाहावे?
दुकानातील विक्री, रिसेप्शन, हिशेब अशा कामांत आता सौदी तरुण-तरुणींना प्राधान्य आहे. म्हणून एजंटला पैसे देण्याआधी व्हिसावरचा हुद्दा आणि प्रत्यक्ष काम एकच आहे ना, हे बघा. कामाचा करार 'किवा' या सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्या. मार्च २०२१ पासून खासगी कंपनीतील कामगाराला ठराविक अटींवर मालक बदलता येतो. घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर मात्र त्या सुधारणेतून वगळले होते. घरच्या ड्रायव्हरचा व्हिसा घेताना हा फरक नीट समजून घ्या.