सीएसएस : मोठ्या संकेतस्थळांवरील गुणवत्ता
संकेतस्थळाचे रंग, अक्षरे व मांडणी ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस. होकोन व्हिउम ली यांनी ती १९९४ मध्ये मांडली. तिच्यात नियम वाढवणे सोपे, काढणे धोक्याचे. एखादा नियम कोणकोणत्या पानांवर लागू आहे, हे सहसा कोणालाच ठाऊक नसते. म्हणून निरुपयोगी नियम साचतात आणि त्यांच्यावर मात करायला इतर नियमांना डावलणाऱ्या ‘इम्पॉर्टंट’ या खुणेचा सढळ मारा होतो. फेसबुकच्या जुन्या मुखपृष्ठासोबत सुमारे २ एमबी (संकुचित रूपात ४०० केबीहून अधिक) सीएसएस येई. पान प्रथम दिसायला त्यातले जेमतेम १० टक्के लागे. २०२० च्या पुनर्रचनेत प्रत्येक गुणधर्म-मूल्याला एकच छोटा क्लास (घटकाला नियम जोडणारे नाव) देणारी ‘अ‍ॅटॉमिक’ पद्धत आली आणि हा भार ८० टक्क्यांनी घटला. क्लासना ठरावीक रीतीने नावे देणारी रशियातील यांडेक्स कंपनीची ‘बेम’ नामकरणपद्धती हा याच अडचणीवरचा त्याआधीचा उपाय. ती सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर विसंबते, हा तिचा कच्चा दुवा.