मेफ्लायच्या डिंभांचे अभिनिर्धारण

मेफ्लाय (एफेमेरॉप्टेरा गण) कीटकांचे बहुतेक आयुष्य डिंभावस्थेत पाण्याखाली जाते. प्रौढ काही तास ते फार तर काही दिवस जगतो. मुखांगे अवशेषरूप असल्याने तो अन्न घेत नाही. ॲरिस्टॉटल यांनी या अल्पायुषी जीवाची नोंद केली होती. डच निसर्गवैज्ञानिक यान स्वामरडाम यांनी १६७५ मध्ये त्याच्या जीवनक्रमावर ग्रंथ लिहिला आणि लिनीअस यांनी १७५८ मध्ये एफेमेरा ही प्रजाती नोंदली. ए. ई. ईटन यांच्या १८८३–८८ मधील प्रबंधात डिंभांच्याही आकृत्या आल्याने अभिनिर्धारणाचा पाया घातला गेला.

भारतीय जातींवर किमिन्झ (१९४७) आणि गिलीस (१९४९–५१) यांनी लेखन केले. मात्र पुष्कळ जातींची वर्णने पंखयुक्त प्रौढांवरून झाली. डिंभ पाळून त्यापासून प्रौढ मिळविल्याखेरीज दोहोंचा संबंध सिद्ध होत नाही. त्यामुळे डिंभाचे अभिनिर्धारण अनेकदा कुल वा प्रजातीपर्यंतच थांबते. भारतीय उपप्रदेशातील जातींची टीपायुक्त सूची के. जी. शिवरामकृष्णन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली.

उदराच्या बाजूंवरील क्लोम, प्रत्येक पायाला एकच नखर व बहुधा तीन पुच्छतंतू ही डिंभाची ओळख होय. स्टोनफ्लायच्या डिंभास दोन पुच्छतंतू व प्रत्येक पायाला दोन नखर असतात. हेप्टाजेनिइडी कुलातील डिंभ चपटे असून धोंड्यांना चिकटून राहतात. सीनिडी कुलात क्लोमांची दुसरी जोडी मोठी होऊन मागील जोड्यांना झाकते.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (राजगड) तालुक्यांत सह्याद्रीतून नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्या वाहतात. पावसाळ्यात खळाळणारे त्यांचे ओढे उन्हाळ्यात डोहांपुरते उरतात. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाने वेळवंडीचा मोठा भाग संथ जलाशय झाला. खळाळातील, प्राणवायूयुक्त पाण्यावर अवलंबून असणारे डिंभ अशा ठिकाणी टिकत नाहीत व गाळात राहणाऱ्या जीवांना वाव मिळतो. रासायनिक चाचणी त्या क्षणाचे पाणी सांगते; डिंभ मात्र मागील अनेक आठवड्यांची साक्ष देतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही कीटककुलांना गुण दिले आहेत. म्हणून ओढ्यांचे पाणी पिणाऱ्या वाड्यावस्त्यांच्या दृष्टीने हे अभिनिर्धारण केवळ वर्गीकरणाचा विषय राहत नाही.